करार 31 मेला संपतोय, तरी महिन्याची नोटीस द्यावी लागते का?

टेरेसवरची_तुळस · 13 मे

नमस्कार मंडळी. संभाजीनगरात सातारा परिसरात एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतोय. भाडं नऊ हजार, डिपॉझिट तीस हजार, करार ऑनलाइन नोंदवलेला, 1 जुलै ते 31 मे. ह्यांची नांदेडला बदली झालीय, लेकीची शाळा जूनमध्ये तिकडंच सुरू होणार. त्यामुळं मुदत संपते त्याच दिवशी घर सोडायचं ठरलं. काल मालक काकांना सांगायला खाली गेले तर म्हणाले, "आत्ता सांगता होय? महिनाभर आधी नोटीस द्यायला पाहिजे होती. आता जूनचं भाडं डिपॉझिटमधून कापणार."

माणूस वाईट नाही हो. नळाला पाणी आलं नाही आणि टँकर मागवला की आमची टाकी आधी भरून द्यायचे. पण नऊ हजार म्हणजे नांदेडच्या घराचं पहिलं भाडं झालं. करार कधी संपतो हे त्यांनाही ठाऊक, मलाही ठाऊक, अंगठे दोघांचे. मग नोटीस नेमकी कशाची द्यायची?

बजाजनगरकर · 13 मे

ताई, राग मानू नका, मालकाच्या बाजूनं बोलतो. माझ्या वाळूजला खोल्या आहेत. पोरं कंपनीत लागतात, काँट्रॅक्ट संपलं की रात्रीतून गाशा गुंडाळतात. सकाळी बघावं तर खोली उघडी, पंख्याचं बटण तुटलेलं आणि लाईट बिल माझ्या नावावर. तुमचं तसं नाही, तुम्ही सांगायला तरी गेलात. पण करारात एक महिन्याची नोटीस लिहिली असेल तर ती द्यायचीच असते. त्यात काय विचारायचं?

काळाकोट_परभणी · 13 मे

त्यातच सगळं विचारायचंय. ताई, नोटिशीचं कलम करारात जसं आहे तसं, शब्दन् शब्द इथं टाका. आठवणीतून नको. "एक महिन्याची नोटीस" एवढं सगळ्यांना पाठ असतं, त्याच्या आधी काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही.

टेरेसवरची_तुळस · 14 मे

काढला शोधून. एक कलम असं: "कराराची मुदत संपण्यापूर्वी कोणत्याही पक्षास सदर करार रद्द करावयाचा असल्यास त्याने दुसऱ्या पक्षास एक महिन्याची लेखी नोटीस देणे बंधनकारक राहील." आणि पुढच्या पानावर: "मुदत संपताच लायसेन्सी सदर जागेचा रिकामा व शांततापूर्ण ताबा लायसेन्सॉर यांस देईल." (लायसेन्सी म्हणजे आम्ही, लायसेन्सॉर म्हणजे काका.) लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, सहा महिन्यांचं होतं, ते केव्हाच उलटलं.

काळाकोट_परभणी · 14 मे

मग उत्तर कलमातच आहे. "मुदत संपण्यापूर्वी रद्द करावयाचा असल्यास." तुम्ही रद्द काही करतच नाही, मुदत पुरी करताय. फेब्रुवारीत सोडलं असतं तर महिन्याची नोटीस नाहीतर महिन्याचं भाडं, दोन्हींपैकी एक द्यावं लागलं असतं. 31 मेला करार स्वतःहून संपतो. त्या दिवशी ताबा द्यायचा हेही तुमच्याच करारात लिहिलंय. ताबा द्यायचं बंधनही घालायचं आणि दिला म्हणून दंडही लावायचा, असं दोन्ही होत नाही.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडं राहती घरं बहुतेक लीव्ह अँड लायसन्सवर दिली जातात. म्हणजे भाडेपट्टा नव्हे, वापराचा परवाना. भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882, कलम 62 प्रमाणे ठरावीक मुदतीचा परवाना मुदत संपली की रद्द झाला असं धरतात. कुणी कुणाला कळवण्याची अट तिथं नाही. बरं, पक्का भाडेपट्टा असता तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 111 तेच सांगतं: मुदत भरली, पट्टा संपला. लोक जी पंधरा दिवसांची नोटीस ऐकून असतात ती कलम 106 ची, महिन्या-महिन्यानं चालणाऱ्या, मुदत न ठरलेल्या भाडेपट्ट्याची.

तेव्हा जूनचं भाडं कापायला आधार नाही. पण आधार नाही म्हणून ते कापणारच नाहीत असं धरून चालू नका, पैसे त्यांच्या खिशात आहेत. आजच्या आज लेखी मेसेज टाका, तारीख लिहून.

बजाजनगरकर · 14 मे

वकीलसाहेब, कलम तुम्ही म्हणता तसं असेल. व्यवहार पण बघा की. आपल्याकडं घर बघायला लोक फिरतात ते एप्रिल-मेमध्ये, शाळा-कॉलेजाच्या हिशेबानं. 31 ला चावी हातात आली तर नवा माणूस जूनच्या मध्यावर मिळाला तर मिळाला, नाहीतर दिवाळीपर्यंत खोली रिकामी. आणि मालकाला वाटत असतं, चांगली माणसं आहेत, मागच्या वेळेसारखा करार पुढं करतील. बरेच जण करतातच. मग भाडेकरूनं शेवटपर्यंत तोंड उघडायचंच नाही का?

काळाकोट_परभणी · 14 मे

उघडावं. पण न उघडल्याबद्दल पैसे कापायचे असतील तर तसं आधी लिहून घ्यावं. एक ओळ पुरते: "मुदतीअखेर जागा सोडणार की नवा करार करणार हे लायसेन्सीने मुदत संपण्याच्या किमान तीस दिवस आधी लेखी कळवावे." पुढं न कळवल्यास काय, तेही लिहा. ही ओळ ताईंच्या करारात असती तर मी तुमच्या बाजूनं बोललो असतो.

आणि हेच उलट करून बघा. मालकाला भाडेकरू नको असेल तर तोसुद्धा 31 ला "चावी द्या" म्हणू शकतो, महिनाभर आधी काही न सांगता. तो हक्क सोडायला कोण तयार आहे?

बजाजनगरकर · 14 मे

हे मात्र खरं. मीच दोघांना तसं काढलंय.

गोदाकाठ_नांदेड · 15 मे

माझं ह्याच्या उलटं आहे. करार ऑक्टोबरात संपला. मालक म्हणाले, राहा की, कागद कशाला. भाडं दर महिन्याला यूपीआयनं घ्यायलेत. आता त्यांच्या पुतण्याचं लग्न जमलंय तर म्हणायलेत, पंधरा दिवसांत घर मोकळं करा. मला कायद्यानं किती मुदत मिळते?

काळाकोट_परभणी · 15 मे

खरी गोम इथं आहे, आणि अशी घरं मराठवाड्यात गल्लोगल्ली सापडतील. करार संपतो, दोघंही आळस करतात, भाडं चालू राहतं. भाडं घेतलं म्हणून तुम्हाला आपोआप आणखी अकरा महिने मिळाले, असं होत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 24. राहत्या घराच्या परवान्याची मुदत संपूनही ताबा दिला नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, अर्ज करू शकतो. दिवाणी दाव्यासारखं वर्षानुवर्षं चालावं म्हणून ही तरतूद नाही. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत "मला बाजू मांडू द्या" असा अर्ज शपथपत्रासह करावा लागतो. तो नाही केला तर मालकाचं म्हणणं कबूल आहे असं धरून हुकूम निघतो. आणि मुदतीनंतर ताबा मिळेपर्यंत करारातल्या भाड्याच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई. हे दुप्पट प्रकरण बऱ्याच छापील करारांतही असतं, कुणी वाचत नाही तो भाग वेगळा.

तुमच्या बाबतीत मालकानं दर महिन्याला ठरलेलं भाडं निमूट घेतलंय. त्या नोंदी जपा. उद्या मागच्या सगळ्या महिन्यांचं दुप्पट मागितलं तर तुमच्या हातात तेवढाच पुरावा आहे की राहणं त्यांच्या मर्जीनं चाललं होतं. मुदतीचं म्हणाल तर सुविधाधिकार कायद्यात परवाना रद्द झाल्यावर सामान हलवायला "वाजवी वेळ" एवढंच आहे, दिवसांचा आकडा नाही. लग्नाची तारीख विचारा आणि त्याच्या आधीची एक तारीख दोघांनी लेखी ठरवा. भांडण्यात अर्थ नाही.

मात्र घाबरून रातोरात निघू नका. ताबा हवा तर हुकूम आणावा लागतो. दाराला कुलूप ठोकणं, मोटार बंद करणं, फ्यूज काढून नेणं हे ताबा घ्यायचे मार्ग नव्हेत. भाडेकरूच्या पाणी-विजेसारख्या सेवा विनाकारण तोडायला याच कायद्याच्या कलम 29 मध्ये बंदी आहे.

हॉटस्पॉट_गारखेडा · 15 मे

अहो पण आता नवीन कायदा आलाय ना? ग्रुपवर आलं होतं. डिपॉझिट दोनच महिन्यांचं घ्यायचं, घर नाही सोडलं तर पहिले दोन महिने दुप्पट भाडं आणि नंतर चौपट.

काळाकोट_परभणी · 15 मे

तो आदर्श भाडेकरू कायदा, 2021 मध्ये केंद्रानं राज्यांपुढं ठेवलेला नमुना. घरभाडं हा राज्याचा विषय. राज्यानं तसा कायदा केला तरच तो लागू होतो आणि महाराष्ट्रानं केलेला नाही. आपल्याकडं 1999 चाच चालतो. त्यात लीव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला दोन महिन्यांची मर्यादा नाही आणि चौपट तर कुठंच नाही. ग्रुपवाल्यांना सांगा.

हॉटस्पॉट_गारखेडा · 15 मे

सांगितलं. ॲडमिननं मलाच काढलं.

जुनाजालना · 15 मे

1999 चा कायदा म्हणालात म्हणून आठवलं. आमच्या पिढीला घर भाड्यानं द्यायची धास्ती का, ते तरुणांना सांगायला पाहिजे. मराठवाडा निजामाच्या राज्यातून 17 सप्टेंबर 1948 ला सुटला, पण घरभाड्याला इथं नंतरही हैदराबादचाच कायदा लागू होता. 1954 चा, घरं, भाडं आणि निष्कासनाचा, म्हणजे घर खाली करवण्याचा. मुंबईला 1947 चा वेगळा, विदर्भाला 1949 चा वेगळा हुकूम. 1956 ला आपण मुंबई राज्यात गेलो, 1960 ला महाराष्ट्र झाला, तरी एका राज्यात भाड्याचे तीन कायदे. 31 मार्च 2000 ला नवा कायदा अमलात आला तेव्हा कुठं तिन्ही गेले.

जालन्याच्या बाजारपेठेत आजोबांच्या वेळेचे भाडेकरू नातवांशी भांडताना मी बघितलेत. भाडं इतकं जुनं की वसूल करायला जाणाऱ्याचा रिक्षाखर्चही निघू नये. शिवाय शेतीचा कूळ कायदा, हैदराबादचाच, 1950 चा. वाडवडिलांच्या जमिनी त्यात गेल्या म्हणून घरमालक आजही म्हणतो, "अकरा महिन्यांच्या वर देऊ नका, कूळ लागतं." घराला कूळ लागत नाही. पण भीती एकदा घरात शिरली की तीन पिढ्या निघत नाही.

एन_सहा_सिडको · 16 मे

काका, मग अकरा महिन्यांचं गणित आलं कुठून?

काळाकोट_परभणी · 16 मे

नोंदणी कायदा 1908, कलम 17. वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून एक महिना कमी. आता महाराष्ट्रात त्याला काही अर्थ उरलेला नाही, कारण 1999 च्या कायद्याचं कलम 55 म्हणतं की करार कितीही दिवसांचा असो, लेखी आणि नोंदवलेलाच पाहिजे. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि त्याहून महत्त्वाचं, नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरतात, मालक उलटं सिद्ध करेपर्यंत. नोटरीवर काम भागवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

लातुरी_घरमालक · 16 मे

वाचलं दोनदा आणि पोटात गोळा आला. आमच्याकडं सगळा कारभार पोरांवर. बाहेरगावची लेकरं ट्यूशनला येतात, जूनमध्ये बाप खोली बघून डिपॉझिट देऊन जातो, मेच्या सुरुवातीला नीटची परीक्षा झाली की पोरगं बॅग उचलून गावाकडं. बोललेलं असतं वर्षाचं. आम्ही म्हणतो मे महिन्याचं भाडं द्या, बाप म्हणतो पोरगं राहिलंच कुठं? दरसाल हाच तमाशा. करार कुणाचाच नाही. कुणी केला तर पाचशेच्या बाँडवर नोटरी. म्हणजे उद्या बाप म्हणाला की "एप्रिलपर्यंतच ठरलं होतं", तर तेच खरं?

काळाकोट_परभणी · 16 मे

खोटं आहे हे तुम्हाला दाखवून द्यावं लागेल. कशानं दाखवणार? पोरगं सतरा वर्षांचं असेल तर करार त्याच्या नावानं करूच नका, बापाच्या किंवा आईच्या नावानं करा. मुदत 31 मेपर्यंत लिहा आणि "विद्यार्थी त्याआधी गेला तरी मेअखेरपर्यंतचं भाडं देय राहील" हेही लिहा. लोक भाड्याला नाही म्हणत नाहीत, अचानक निघालेल्या भाड्याला म्हणतात.

लातुरी_घरमालक · 16 मे

प्रत्येक खोलीचा करार करायचा म्हणजे खर्च किती येतो मालक?

एन_सहा_सिडको · 16 मे

मी सांगतो, भाड्याच्या घरांत अर्धं आयुष्य गेलंय. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. कशावर? पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज. ताईंचाच करार घ्या: नऊ हजारांप्रमाणे अकरा महिन्यांचे 99,000, तीस हजारांवरचं व्याज 2,750, बेरीज 1,01,750. त्याचे पाव टक्का म्हणजे अडीचशेच्या आसपास. वर नोंदणी फी, महापालिका हद्दीत 1,000, ग्रामीण भागात 500. बाकी एजंट घरी येऊन अंगठा आणि फोटो घेण्याचे काय मागेल ते. तिथं घासाघीस करा.

आता ताईंसाठी. मेसेज मी असा टाकतो. गोड बोलायचं, पण तारखा सोडायच्या नाहीत:

"नमस्कार काका. आपला भाडेकरार दि. 1 जुलै ते 31 मे या मुदतीचा असून तो 31 मे रोजी संपत आहे. आम्ही करार पुढे चालू ठेवणार नाही व 31 मे रोजी सायंकाळी घर रिकामं करून चाव्या आपल्याकडे देऊ. मे महिन्याचं भाडं दिलेलं आहे. घर आपण त्याच दिवशी पाहून घ्यावं व डिपॉझिट रु. 30,000 मधून लाईट बिलाची रक्कम वजा करून उरलेले पैसे परत करावेत ही विनंती. घर दाखवायला कुणी येणार असेल तर संध्याकाळी सहानंतर केव्हाही पाठवा."

शेवटची ओळ विसरू नका. काकांची खरी अडचण पुढचा भाडेकरू आहे, तिथं मदत केली की निम्मा राग जातो. व्हॉट्सॲपवर पाठवा, निळी टिक आल्यावर स्क्रीनशॉट घ्या.

काळाकोट_परभणी · 16 मे

मेसेज उत्तम. निळी टिक बंद करून ठेवणारे असतात, म्हणून एक प्रत पोस्टानंही टाका. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं, तेव्हा काउंटरवर नोंदणी आणि पोचपावती हवी असं स्पष्ट सांगा. बरोबर पत्त्यावर नोंदवून टाकलेलं पत्र पोचलं असं कायदा गृहीत धरतो, "घेतलंच नाही" म्हणून सहसा सुटका होत नाही. एकाच घरात वर-खाली राहून पोस्टानं पत्र पाठवणं विचित्र दिसतं हे मान्य. काका चांगले आहेत म्हणता, तर प्रत हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर "मिळाली" लिहून सही घ्या.

टेरेसवरची_तुळस · 17 मे

हातात दिली. सही केली, पण म्हणाले, "मुलगा पुण्याहून येईल, त्याला विचारून सांगतो." काकूंनी चहा दिला. बोलणं विशेष झालं नाही.

समजा दिलेच नाहीत पैसे, तर काय? पोलिसात जायचं का?

काळाकोट_परभणी · 17 मे

पोलीस म्हणतील दिवाणी बाब आहे, आणि ते बरोबरच असेल. आधी वकिलाची नोटीस. मग दावा लावण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं. दावापूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवतात, कोर्ट फी लागत नाही, समोरच्याला बोलावून तडजोड घडवतात. शिवाय महिलांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. करारात नाव तुमचं असेल तर अर्ज तुम्हीच करा. पैसे वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, म्हणजे घाई नाही, पण विसरूही नका.

नऊ हजारांसाठी इथपर्यंत सहसा जावं लागत नाही. लोकअदालतीचं पत्र आलं की पोरं बापाला समजावतात.

बजाजनगरकर · 17 मे

चावी देताना एक करा ताई. मीटरचा फोटो काढा, रीडिंगचा आकडा आणि मीटर नंबर दोन्ही दिसले पाहिजेत. मेचं बिल जूनमध्ये येतं आणि त्यात पुढच्या माणसाचे युनिट मिसळले की कुणाचं काय ते कळत नाही. मी मालक असून सांगतोय.

एन_सहा_सिडको · 17 मे

मीटरच नाही, सगळंच. रिकाम्या घराचा व्हिडिओ दारापासून सुरू करायचा, मध्ये न थांबवता. किचन ओट्याखालचा नळ उघडून दाखवायचा, गिझरचं बटण लावून लाल दिवा दाखवायचा, संडासचा फ्लश ओढायचा, खिडक्यांच्या जाळ्या, गच्चीवरच्या टाकीचं झाकण. सिडकोतल्या एका घरात झाकणाचे पैसे मागितले होते माझ्याकडं, वाऱ्यानं शेजारच्या गच्चीवर उडालेलं. व्हिडिओत झाकण दिसलं आणि विषय मिटला.

मग ताबा पावती. साधा कागद: आज अमुक तारखेला, इतक्या वाजता, इतक्या चाव्या मिळाल्या, घर पाहिलं, मीटर रीडिंग इतकं, डिपॉझिटपैकी इतके दिले, इतके बाकी, ते अमुक तारखेपर्यंत देणार. दोघांच्या सह्या. पावती झाल्याशिवाय शेवटची चावी द्यायची नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.

काळाकोट_परभणी · 17 मे

थोडी दुरुस्ती. डिपॉझिट मिळेपर्यंत चावी अडवून ठेवा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. 1 जून उजाडला की तुम्ही मुदतीनंतर राहणाऱ्या ठरता आणि दुप्पटीचा हिशेब तुमच्यावर उलटतो. पैसे बाकी असतील तर पावतीत लिहून घ्या, पण ताबा 31 लाच द्या. सही द्यायला तयार नसतील तर चाव्या देतानाचा व्हिडिओ आणि लगेच "चाव्या दिल्या" असा मेसेज.

गोदाकाठ_नांदेड · 20 मे

आमचं ठरलं. लग्न जूनच्या शेवटी आहे, 10 जूनपर्यंत राहा म्हणाले, लिहून दिलं दोघांनी. दुप्पटबिप्पट काही विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

टेरेसवरची_तुळस · 2 जून

नांदेडहून लिहितेय. सामान अजून खोक्यांत आहे.

काकांच्या मुलानं करार वाचला आणि बापाला म्हणाला, "बाबा, ह्यात शेवटी सोडताना नोटीस द्यायची असं नाहीये." जूनच्या भाड्याचा विषय तिथंच संपला. पण मग रंगाचे पाच हजार काढले! भिंतींना खिळे मारलेत म्हणे. खिळे होते, खोटं कशाला बोलू, कॅलेंडरचा एक आणि देवघराच्या फळीचे दोन. आणि लेकीनं हॉलच्या एका भिंतीवर मेणाच्या खडूंनी आख्खी आगगाडी काढलीय, डब्यांना खिडक्यांसकट. मी म्हटलं त्या एका भिंतीचे देते, बाकी घराचा रंग तुम्ही आमच्या आधीच्या भाडेकरूच्या वेळचा ठेवलाय. पंधराशेवर मिटलं. लाईट बिलाचे मीटरच्या फोटोवरून अंदाजे हजार धरले, खरं बिल आलं की फरक इकडं-तिकडं करू असं पावतीत लिहिलं. साडेसत्तावीस हजार त्याच संध्याकाळी खात्यात आले.

गंमत म्हणजे माझ्या मेसेजनंतर सिडकोतल्या एन-4 चं एक कुटुंब घर बघून गेलं होतं, तेच 8 तारखेला राहायला येतंय.

बजाजनगरकर · 2 जून

म्हणजे काकांचं घर रिकामं राहिलं एक आठवडा आणि मागत होते महिन्याचं! चला, बरं झालं. पंधराशे वाजवी आहेत. मेणाचा खडू पुट्टी मारल्याशिवाय जात नाही, वरून नुसता रंग मारला की डाग पुन्हा वर येतो.

काळाकोट_परभणी · 2 जून

रोजच्या वापरानं होणारी झीज मालकाची, नुकसान भाडेकरूचं. कॅलेंडरचा खिळा झीज, आगगाडी नुकसान. बरोबर मिटवलंत.

लातुरी_घरमालक · 3 जून

वकीलसाहेब, ह्या वर्षी मी करार करायचं ठरवलंय, पण दर अकरा महिन्यांला एजंट परवडत नाही. दोन वर्षांचा एकदम केला तर चालतो का? अकरावी-बारावी दोन वर्षं पोरं तीच असतात.

काळाकोट_परभणी · 3 जून

चालतो. लीव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत याच 0.25 टक्क्यात नोंदवता येतो. चोवीस महिन्यांचा केला तर मुद्रांक त्या प्रमाणात वाढतो, पण नोंदणी फी एकदाच. पहिलं वर्ष इतकं भाडं, दुसरं वर्ष इतकं, असे टप्पेही घालता येतात. मध्ये सोडून जायचं असेल तर महिन्याच्या नोटिशीचं कलम आहेच, ते त्याच कामाचं.

बजाजनगरकर · 3 जून

आणि ते "तीस दिवस आधी कळवावे" वालं कलम ऑनलाइन फॉर्मात कुठं टाकायचं? आमचा एजंट म्हणतो ड्राफ्ट फिक्स असतो.

एन_सहा_सिडको · 3 जून

फिक्स काही नसतो, त्याला टाइप करायचा कंटाळा असतो. शेवटी इतर अटींसाठी जागा असते, तिथं टाकायला सांगा. अंगठा द्यायच्या आधी ड्राफ्टची पीडीएफ मागवून वाचा. मागच्या वेळी माझ्या करारात आधीच्या गिऱ्हाईकाचा पार्किंग नंबर तसाच आला होता, आणि माझ्याकडं तर सायकल आहे.